जिवाला स्वास्थ्य असेल, तर संसर्गाचा धोका कमी होतो का?

मराठीत ‘स्वास्थ्य’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. शरीर निरोगी असले की आपण म्हणतो, स्वास्थ्य चांगले आहे. आणि शरीराला काहीही झालेले नसताना मनाला घोर लागलेला असला, तर ‘जिवाला स्वास्थ्य नाही’ असेही म्हणतो. बोलीने या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बांधून ठेवल्या. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली, तेव्हा तिनेही आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य असणे, असे म्हटले. व्याख्या मान्य करणे सोपे होते. पण मनाच्या आणि नात्यागोत्याच्या स्वास्थ्याचा न्यूमोनिया, फ्लू किंवा नागीण यांसारख्या संसर्गजन्य आजारांशी नेमका काय संबंध आहे, हे तपासण्याचे काम बरेच नंतर सुरू झाले आणि ते अजूनही चालू आहे. उतारवयात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण त्या वयात संसर्गाचा धोका वाढतो आणि नेमके त्याच काळात जोडीदाराचे जाणे, एकटेपणा, अपुरी झोप, कुणाचे तरी आजारपण काढण्याचा भार अशा गोष्टीही वाट्याला येतात.

या विषयावर बोलताना दोन टोकाच्या चुका होतात. मनाचा आणि जंतूंचा काही संबंध नाही, जंतू शरीरात शिरला की आजार होणारच, असे मानणे ही पहिली चूक. दुसरी चूक अधिक दुखावणारी आहे: आनंदी राहिले की आजार जवळ येत नाही, म्हणजे जो आजारी पडला तो मनाने खचलेला असणार, असा तिचा अर्थ होतो. या दोन्हींच्या मधला जो मार्ग पुराव्यातून दिसतो, तो समजून घेण्यासाठी आधी वयोमानानुसार शरीरात काय बदलते ते पाहावे लागेल.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी असते. रोगप्रतिकारक यंत्रणेतील ‘टी’ पेशी याच ग्रंथीत तयार होतात, म्हणजे त्यांना आपले आणि परके ओळखण्याचे शिक्षण तिथे मिळते. ही ग्रंथी तारुण्यापासूनच आक्रसू लागते आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतांशी चरबी उरते. त्यामुळे नव्या, आजवर कधीही न भेटलेल्या जंतूला ओळखू शकणाऱ्या कोऱ्या पेशींचा साठा आटत जातो. जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशी भरपूर असतात, पण त्यांचे लक्ष जुन्याच शत्रूंवर असते. याशिवाय वाढत्या वयात शरीरात सौम्य, पण सतत धुमसणारा दाह (इन्फ्लमेशन) राहतो. जखम किंवा संसर्ग झाला असता काही दिवसांपुरता होणारा दाह उपयोगी असतो. कायमचा दाह मात्र यंत्रणेला थकवतो आणि खऱ्या संकटाच्या वेळी तिचा प्रतिसाद बोथट करतो.

हे झाले आतले. बाहेरचे दरवाजेही सैल होतात. त्वचा पातळ होते आणि लवकर फाटते. श्वासनलिकेतील घाण वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते. खोकल्याची ऊर्मी कमी होते, गिळण्यातला समन्वय बिघडतो आणि तोंडातील लाळ किंवा अन्नाचा कण नकळत फुप्फुसात उतरू शकतो. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. यांपैकी कोणताही बदल एका दिवसात होत नाही, म्हणून तो जाणवतही नाही.

नागीण हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. त्याच्यावर ‘टी’ पेशींचा पहारा असतो, आणि पन्नाशीनंतर तो पहारा ढिला पडू लागला की तोच विषाणू मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. येथे बाहेरून नवा जंतू आलेलाच नसतो. माणसात आणि आजारात उभी असते ती फक्त पहाऱ्याची मजबुती. म्हणूनच स्वास्थ्य आणि संसर्ग यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासकांना नागीण फार उपयोगी पडली. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

मनावरचा ताण खरोखर संसर्गाची शक्यता वाढवतो का, हे तपासायचे तर एक अडचण असते. ताणात असलेला माणूस कदाचित जास्त गर्दीत राहत असेल, कमी झोपत असेल, जास्त धूम्रपान करत असेल. म्हणजे त्याला जंतू जास्त भेटले की त्याची प्रतिकारशक्ती कमी पडली, हे कळत नाही. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर थेट उपाय केला. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे सर्दीवर संशोधन करणारे केंद्र होते. तिथे ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या ताणाची आधी मोजदाद केली, मग त्यांच्या नाकात श्वसनमार्गाच्या विषाणूंचे थेंब टाकले आणि त्यांना इतरांपासून वेगळे ठेवले. जंतू सर्वांना भेटले होते, तेही ठरवून दिलेल्या मात्रेत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमीत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना सर्दी झाली, तर सर्वाधिक ताण असलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. या परंपरेतील प्रयोगांत आजार मोजण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे: स्वयंसेवकांनी नाक पुसलेले कागदी रुमाल गोळा करून त्यांचे वजन केले जाई. कुणी कितीही ‘मला बरे वाटत नाही’ म्हटले, तरी तराजू खरे काय ते सांगत असे.

१९९७ मध्ये याच गटाने २७६ जणांवर केलेला असाच प्रयोग प्रसिद्ध केला; या वेळी नात्यांची मोजणी केली होती. किती माणसे ओळखीची आहेत हे न मोजता किती प्रकारची नाती आहेत हे मोजले: जोडीदार, मुले, आईवडील, मित्र, शेजारी, कामावरचे सोबती, एखाद्या मंडळातले सदस्य इत्यादी. ज्यांची नाती तीन किंवा त्याहून कमी प्रकारची होती, त्यांना सर्दी होण्याची शक्यता सहा किंवा अधिक प्रकारची नाती असलेल्यांच्या तुलनेत चौपटीहून जास्त आढळली. वरवर पाहता हे उलटे वाटते, कारण जितकी माणसे जास्त भेटतील तितके जंतूही जास्त भेटायला हवेत. पण जंतूची मात्रा सर्वांना सारखी दिली, तेव्हा फरक माणसाच्या आतल्या तयारीचाच उरला.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, आणि ती अनेकदा सांगितली जात नाही. सर्दीच्या या गाजलेल्या प्रयोगांतील स्वयंसेवक साधारण अठरा ते पंचावन्न वयाचे, धडधाकट लोक होते. सत्तर-ऐंशीच्या माणसाच्या नाकात मुद्दाम विषाणू टाकणे योग्य नाही, म्हणून या प्रयोगांत तसे केले नाही. तरुणांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे वृद्धांवर लादता येत नाहीत. वृद्धांविषयीचा पुरावा दुसऱ्या वाटेने मिळाला, आणि ती वाट आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांच्या घरातून गेली.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. रात्री चार वेळा उठणे, तोच प्रश्न वीस वेळा ऐकणे, ज्याच्याबरोबर आयुष्य काढले त्यानेच आपल्याला न ओळखणे, आणि हे सर्व किती वर्षे चालेल याची काहीही कल्पना नसणे. सांभाळणारी व्यक्ती बहुतेकदा स्वतःही वृद्ध असते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी अशा शुश्रूषा करणाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया होत्या, आणि तुलनेसाठी वय व उत्पन्न त्यांच्यासारखेच असलेल्या, पण असा भार नसलेल्या १३ स्त्रिया. प्रत्येकीच्या हातावर सुमारे साडेतीन मिलीमीटरची, म्हणजे मसूराच्या दाण्याहूनही लहान जखम करण्यात आली. ती भरत कशी जाते याची छायाचित्रे घेतली गेली, आणि जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येणे थांबले की ती भरली असे धरले गेले. भार नसलेल्या स्त्रियांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली; शुश्रूषा करणाऱ्यांची भरायला जवळजवळ ४९ दिवस लागले. फरक सुमारे नऊ दिवसांचा होता.

एवढ्याशा जखमेचे नऊ दिवस महत्त्वाचे का? कारण उघडी जखम हा जंतूंना मिळालेला उघडा दरवाजा असतो. शस्त्रक्रियेनंतर टाके पडलेल्या, मधुमेहाने पायाला जखम झालेल्या किंवा अंथरुणाला खिळून पाठीवर व्रण पडलेल्या वृद्धाच्या बाबतीत तो दरवाजा आणखी काही दिवस उघडा राहणे म्हणजे संसर्गाला मिळालेली जादा संधी होय.

लसीच्या बाबतीतही असेच दिसले. याच गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला सांभाळणाऱ्या ३२ वृद्धांना आणि तेवढ्याच इतरांना फ्लूची लस देऊन प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिने, मोजली. प्रतिपिंडे चौपट होणे हे लस चांगली लागू पडल्याचे लक्षण मानले जाते. शुश्रूषा करणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांत असा प्रतिसाद दिसला, तर इतरांपैकी ६६ टक्क्यांत. इंग्लंडमधील, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आकडे वेगळे होते, पण दिशा तीच होती: शुश्रूषा करणाऱ्यांत १६ टक्के, इतरांत ३९ टक्के. म्हणजे तीच लस, तोच दंड, तेच वय. पण घरी परतल्यावर ज्याला झोप मिळत नाही आणि ज्याचा जीव सतत टांगणीला लागलेला असतो, त्याच्या शरीराने लसीतून कमी शिकून घेतले.

हे कसे घडते, याचा बराचसा उलगडा झाला आहे. ताण आला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. थोड्या वेळासाठी ते उपयोगी असते. ते दाहाला आवर घालते आणि शरीराची शक्ती संकटाकडे वळवते. पण महिनोन्‌महिने तेच चालू राहिले, तर रोगप्रतिकारक पेशी कॉर्टिसॉलचे ऐकेनाशा होतात. सारखी ओरड ऐकून माणूस जसे तिच्याकडे लक्ष देणे सोडतो, तसेच काहीसे हे आहे. मग दाहावरचा लगाम सुटतो. उतारवयात जो दाह आधीच धुमसत असतो, त्यात ही भर पडते. वय आणि ताण एकाच दिशेने ओढतात, म्हणून तरुणाला जो ताण फक्त सर्दी देऊन जातो, तो वृद्धाला अधिक महाग पडू शकतो.

एकटेपणाचाही असाच ठसा पेशींवर दिसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टीव्ह कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १४ जणांच्या पांढऱ्या रक्तपेशींतील जनुकांची तपासणी केली. दीर्घकाळ एकटे वाटणाऱ्यांच्या पेशींत दाह वाढवणारी जनुके अधिक कार्यरत होती आणि विषाणूंशी लढणारी काही जनुके मंदावलेली होती. चौदा ही संख्या फार लहान आहे आणि एवढ्यावरून कुणी मोठे दावे करू नयेत. पण पुढच्या अभ्यासांतही या आकृतिबंधाचा मागोवा घेतला गेला. येथे एकटे राहणे आणि एकटे वाटणे यांतील भेद लक्षात ठेवावा. स्वतःच्या घरात एकटे, पण समाधानाने राहणारे वृद्ध असतात, आणि भरल्या घरात ज्यांच्याशी दिवसभर कुणी दोन वाक्ये धड बोलत नाही असेही असतात.

एकटेपणाचा एक परिणाम मात्र पेशींच्या पलीकडचा, अगदी व्यवहारातला आहे, आणि माझ्या मते त्याला आजवर मिळाले त्याहून अधिक महत्त्व द्यायला हवे. एकट्या माणसाचे आजारपण कुणाच्या लक्षात येत नाही. जेवण कमी झाले, पाणी पिणे कमी झाले, दात घासायचे राहून जाऊ लागले, औषधाची गोळी दोनदा घेतली गेली किंवा घेतलीच गेली नाही, लसीची तारीख उलटून गेली, या गोष्टी दुसऱ्या माणसाच्या नजरेला पडतात. स्वतःच्या पडत नाहीत. ज्याला आपण ‘सोबत’ म्हणतो, तिच्यातला निम्मा आरोग्यलाभ कदाचित या नजरेत असेल.

आता दुसरी बाजू. ‘आनंदी माणसे जास्त जगतात’ असे सांगणारे अनेक अभ्यास आहेत, पण त्यांत कारण कोणते आणि परिणाम कोणता, याची गल्लत सहज होते. ज्याला आधीच हृदयविकार, दमा किंवा सांधेदुखी आहे, तो कमी आनंदी असतो आणि लवकर आजारीही पडतो. मग दोष आनंदाच्या अभावाला जातो. ब्रिटनमधील सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात आधीची प्रकृती आणि राहणीमान हिशेबात घेतल्यावर आनंदी असण्या-नसण्याचा मृत्यूच्या प्रमाणाशी स्वतंत्र संबंध दिसला नाही. हा अभ्यास संसर्गाविषयी नव्हता, सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंविषयी होता. तरीही त्यातला इशारा आपल्या विषयाला लागू पडतो. दुःखी असलेल्या वृद्धाला ‘तुम्ही मन प्रसन्न ठेवत नाही म्हणून सारखे आजारी पडता’ असे म्हणण्याचा अधिकार विज्ञानाने कुणालाही दिलेला नाही. जोडीदार गेलेल्या माणसाचे दुःख ही त्याची चूक नसते.

म्हणून स्वास्थ्य या शब्दाकडे मनःस्थिती म्हणून न पाहता, जगण्याची व्यवस्था म्हणून पाहणे अधिक योग्य वाटते. रात्री सलग झोप मिळते का, दिवसातून एकदा तरी मनमोकळे बोलणे होते का, हालचाल होते का, जेवण चवीने आणि पुरेसे जाते का, वेदनेवर उपचार मिळतो का, कुणाचा भार वाहायचा असेल तर त्यातून सुट्टी मिळते का. या गोष्टी बाहेरून बदलता येतात. ‘आनंदी राहा’ या सल्ल्याने त्या बदलत नाहीत.

झोपेचेच घेऊ. कोहेन यांच्या प्रयोगशाळेतील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६४ जणांची झोप मनगटावरच्या यंत्राने आठवडाभर मोजली आणि मग त्यांच्या नाकात विषाणू टाकले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. हेही स्वयंसेवक पंचावन्नच्या आतले होते. पण वृद्धाची झोप का मोडते हे विचारले, तर उत्तरे ओळखीची असतात: गुडघ्याची वेदना, रात्री लघवीला उठणे, संध्याकाळी उशिरा घेतलेले लघवी वाढवणारे औषध, दिवसभराची निष्क्रियता. यांतील बऱ्याच गोष्टींवर डॉक्टर काहीतरी करू शकतात, पण त्यासाठी झोपेची तक्रार ‘वयामुळे असे होतेच’ म्हणून बाजूला सारता कामा नये.

वृद्धांवर प्रत्यक्ष काही करून पाहिलेले प्रयोग थोडे आहेत, पण बोलके आहेत. कॅलिफोर्नियातील मायकेल आयर्विन यांच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५९ ते ८६ वयाच्या ११२ जणांना दोन गटांत विभागले. एका गटाने १६ आठवडे ताई ची हा संथ हालचालींचा व्यायाम केला, दुसऱ्याने आरोग्यविषयक वर्ग ऐकले. नंतर सर्वांना कांजिण्यांच्या विषाणूची लस दिली. व्यायाम करणाऱ्या गटात त्या विषाणूविरुद्धच्या पेशींची ताकद लसीआधीही वाढलेली आढळली आणि लसीनंतर ती आणखी वाढली. वर म्हटलेला नागिणीवरचा पहारा तो हाच. अर्थात येथे मोजली ती प्रतिकारशक्ती. प्रत्यक्ष किती जणांची नागीण टळली, हे नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये ५० वर्षांपुढील सुमारे १५० जणांना आठ आठवडे ध्यानाचे किंवा व्यायामाचे प्रशिक्षण देऊन एका हिवाळ्यात त्यांच्या श्वसनाच्या आजारांची नोंद ठेवली गेली. काहीही प्रशिक्षण न घेतलेल्या गटात आजारपणाचे एकूण ४५३ दिवस भरले. ध्यान करणाऱ्यांत २५७ आणि व्यायाम करणाऱ्यांत २४१. पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र हा फरक तितका ठळक दिसला नाही. म्हणून ध्यान आणि व्यायाम यांची शिफारस जरूर करावी, पण लसीला पर्याय म्हणून मुळीच नाही.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो जपानमधील एक साधा प्रयोग. तिथल्या ११ वृद्धाश्रमांतील रहिवाशांच्या दोन गटांपैकी एका गटाचे दात प्रत्येक जेवणानंतर कर्मचारी घासून देत आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्यकातील जाणकार तोंड स्वच्छ करीत. दुसऱ्या गटाची नेहमीची पद्धत चालू राहिली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत नेहमीच्या गटातील १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, तर दात घासून दिलेल्या गटात ११ टक्के लोकांना. कारण उघड आहे: ठसका नीट न लागणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जी लाळ उतरते, तिच्यातले जंतू कमी झाले. पण या दृश्याकडे थोडे जवळून पाहावे. दिवसातून तीनदा एक माणूस दुसऱ्या माणसासमोर बसतो, त्याचा चेहरा हातात घेतो, कवळी काढून धुतो, हिरड्यांवरून मऊ ब्रश फिरवतो, दुखते का ते विचारतो. संसर्ग टाळणे आणि माणसाची विचारपूस करणे ही येथे दोन वेगळी कामे राहिलेली नाहीत.

स्वास्थ्य आणि संसर्ग यांचा संबंध उलट्या दिशेनेही असतो, आणि घरच्यांनी हा भाग नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. वृद्धांमध्ये संसर्गाचे पहिले लक्षण कित्येकदा ताप नसते. ते स्वास्थ्य हरवणे हेच असते. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी सुमारे २० ते ३० टक्के लोकांना ताप येतच नाही किंवा नाममात्र येतो. रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचणारे आजोबा एका सकाळी ते उघडतच नाहीत. विचारले तर ‘काही नाही’ म्हणतात. दुपारी जेवण अर्धवट टाकतात, संध्याकाळी वार चुकीचा सांगतात, रात्री न्हाणीघरात जाताना पडतात. घरच्यांना वाटते, वय झाले, मन लागत नाही. प्रत्यक्षात तो न्यूमोनिया असू शकतो. एकदोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ, सुस्ती, पडणे किंवा अन्नावरची वासना जाणे, यांना म्हातारपणाचा भाग समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वासाचा वेग वाढलेला असेल, तर अजिबात थांबू नये.

तापाचे मोजमापही वृद्धांसाठी वेगळे लावावे लागते, कारण त्यांचे नेहमीचे तापमान कमी असते. तोंडात मोजलेले तापमान ३७.८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेले, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंश सेल्सिअसने वाढले, तर तो ताप समजावा. यासाठी बरे असताना चार-पाच वेळा तापमान मोजून लिहून ठेवणे फार उपयोगी पडते. जाता जाता एक सावधगिरीही सांगतो. वृद्धांच्या, विशेषतः स्त्रियांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडणे ही सामान्य गोष्ट आहे. केवळ तपासणीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके देणे बहुधा योग्य नसते. त्याने खरे कारण शोधायचे राहून जाते आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात.

संसर्ग बरा झाला, तरी त्याचे देणे फिटलेले नसते. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात पडून राहायला लावले, तेव्हा त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी एक किलोच्या आसपास घटल्याचे २००७ च्या एका अभ्यासात दिसले. येथे तर आजारही नव्हता. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट वाढते, असे कॅनडातील २०१८ च्या अभ्यासाने दाखवले. पाय कमजोर झाले की पडण्याची भीती बसते, भीतीने बाहेर जाणे थांबते, माणसे भेटेनाशी होतात, भूक मंदावते, आणि पुढच्या संसर्गासाठी जमीन तयार होते. हे चक्र तोडण्याची उत्तम वेळ म्हणजे आजारपणातलेच पहिले दिवस. शक्य तितक्या लवकर खुर्चीत बसवणे, आधार देऊन चार पावले चालवणे, चष्मा आणि कानातले यंत्र लगेच परत देणे, दिवसा खिडकी उघडी आणि रात्री खोली शांत ठेवणे, हे सर्व उपचाराचेच भाग आहेत.

कोविडच्या साथीत वृद्धांना वेगळे ठेवावे लागले, कारण त्या आजारात मृत्यूचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढत होता. तो निर्णय अकारण नव्हता. पण भेटीगाठी बंद करणे हे जंतूपासून रक्षण असले, तरी ते फुकट मिळत नाही, हेही त्या काळात दिसले. पुढे अशी वेळ आली, तर किती दिवस, कोणत्या आजारासाठी आणि एका तरी माणसाला काळजी घेऊन भेटू देता येईल का, हे प्रश्न सुरुवातीपासूनच विचारले जावेत.

लसीविषयी थोडक्यात. फ्लू, न्यूमोकॉकस (न्यूमोनिया घडवणारा एक जिवाणू), नागीण, कोविड आणि २०२३ पासून श्वसनमार्गाच्या ‘आरएसव्ही’ विषाणूविरुद्ध लसी उपलब्ध आहेत; कोणती केव्हा घ्यावी हे वय आणि आधीचे आजार पाहून डॉक्टर ठरवतात. वृद्धांच्या शरीराचा मंद प्रतिसाद लक्षात घेऊन काही लसी मुद्दाम अधिक जोरकस बनवल्या आहेत. फ्लूच्या वाढीव मात्रेच्या लसीत नेहमीपेक्षा चौपट घटक असतात, आणि ६५ वर्षांपुढील सुमारे ३२ हजार लोकांवरील चाचणीत तिच्यामुळे फ्लूचे प्रमाण नेहमीच्या लसीच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी राहिले. नागिणीच्या नव्या लसीचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, आणि दुसरा राहून जाण्याची शक्यता एकट्या माणसात जास्त असते, म्हणून पहिल्या डोसच्या दिवशीच दुसऱ्याची तारीख कुणातरी दुसऱ्याच्याही वहीत लिहिलेली असावी.

आणि लस घ्यायला आलेल्या वृद्धाला ज्याने हात धरून आणलेले असते, त्या व्यक्तीकडेही पाहावे. बहुतेकदा ती पत्नी असते, पती असतो किंवा साठी ओलांडलेली मुलगी असते. ती बाजूच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसते आणि तिला कुणी काही विचारत नाही. तुमची स्वतःची लस झाली का, आणि रात्री तुम्हाला किती तास झोप मिळते, हे दोन प्रश्न तिला त्याच वेळी विचारता येतात. तिच्या दंडात शिरलेली लस किती कामाला येईल, हे काही अंशी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असू शकते.